पान कोणी खाल्ले?

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, की अंगणातील झुडपांना जणू दुसरे बालपण येते. उन्हाळाभर मरगळलेल्या तगरीला पोपटी धुमारे फुटतात, कढीपत्त्याच्या शेंड्यावर कोवळी पालवी डोलू लागते, जास्वंदीची पाने तुकतुकीत होतात. घरधनी रोज सकाळी चहाचा पेला हाती घेऊन त्या पालवीकडे कौतुकाने पाहत उभा राहतो. असे आठ-दहा दिवस जातात आणि एके दिवशी त्याच तगरीच्या तीन-चार फांद्या बोडक्या झालेल्या दिसतात. कढीपत्त्याचा शेंडा कात्रीने छाटावा तसा नाहीसा झालेला असतो. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हा, की यावर औषध कोणते मारावे? प्रश्न स्वाभाविक आहे. पण तो पहिला नव्हे. पहिला प्रश्न असा, की पान कोणी खाल्ले? या दोन प्रश्नांचा क्रम उलटला, म्हणजे पुढील सारेच उलटे होत जाते.

दिल्लीतील सरकारी निवासांची बिनकुंपणी हिरवळ असो, बडोदे-इंदूरच्या जुन्या वाड्यांची परसे असोत, नागपूर-हैदराबादकडील ऐसपैस अंगणे असोत किंवा मुंबईच्या सदनिकेतील चार कुंड्या असोत, मराठी घराभोवतीची झुडपे बहुधा तीच असतात: तगर, कण्हेर, जास्वंद, अनंत, गुलाब, मोगरा आणि कढीपत्ता. उत्तरेकडील रोपवाटिकेत तगरीला चांदनी म्हणतील, अनंताला गंधराज म्हणतील. पण झाडे तीच आणि त्यांवर येणारे किडेही बहुतांशी तेच. या बागेचे शेताहून एक मोठे वेगळेपण आहे. शेतकऱ्याच्या कपाशीवर अळी पडली तर त्याच्या वर्षाच्या भाकरीचा प्रश्न असतो. अंगणातील तगरीची पाने गेली तर कोणाची चूल विझत नाही. म्हणजे येथे धीर धरण्याची सवड आहे. उलट, विषाची जोखीम मात्र येथे अधिक जवळ आहे. कढीपत्त्याची पाने तोडली, की ती थेट फोडणीत पडतात. जास्वंदीची व तगरीची फुले देवघरात जातात. मुले त्याच झुडपांखाली खेळतात आणि घरातील मांजरही तेथेच निजते. जेथे धोका जवळ आणि निकड थोडी, तेथे विषाचा डबा उघडण्याची घाई का करावी?

ही शंका केवळ भाबडेपणाची नाही. तिच्यामागे पाऊण शतकाचा अनुभव उभा आहे. स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ पाउल म्यूलर यांना १९३९ साली डीडीटीचा कीटकनाशक गुण आढळला आणि १९४८ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. हिवताप व प्रलापक ज्वर यांच्याविरुद्ध त्या पदार्थाने लक्षावधी जीव वाचवले, हे विसरता येणार नाही. परंतु १९६२ साली रेचेल कार्सन या अमेरिकन लेखिकेने दाखवून दिले, की किड्यांवर टाकलेले विष किड्यांपाशी थांबत नाही. ते मातीत, पाण्यात, गांडुळांत आणि गांडुळे खाणाऱ्या पक्ष्यांत उतरत जाते. आपल्या देशाला हा धडा त्याआधीच मिळाला होता. १९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाचा गव्हाच्या पिठाशी संपर्क आला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेनंतरच्या विचारमंथनातून १९६८ चा कीटकनाशक अधिनियम जन्मास आला. कायदा झाला, तरी दुःख संपले नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ज्यांच्यापुढे पिकाची निकड होती त्यांची ही कथा. मग केवळ शोभेच्या झुडपासाठी तीच जोखीम घराच्या पायरीशी आणणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

तेव्हा प्रथम ओळख. किडा समोर नसला तरी तो आपली सही पानावर ठेवून जातो आणि ती वाचता येते. गुलाबाच्या पानाच्या कडेला नाण्याने आखावा तसा रेखीव अर्धगोल कापलेला असेल, तर ते काम अळीचे नव्हे. ती पाने कापणारी एक एकांतवासी मधमाशी असते. ती पान खात नाही. तो तुकडा नेऊन आपल्या पिलांसाठी पाळणा विणते. ही माशी फुलांचे परागीभवन करते. तिच्यासाठी दहा-वीस पानांच्या कडा गेल्या, तर तो सौदा बागेच्या फायद्याचाच आहे. पानावर चकाकणारी, वाळलेल्या लाळेसारखी रेघ दिसली, तर तेथून रात्री गोगलगाय गेली असे समजावे. तिच्यावर कीटकांची औषधे चालत नाहीत. जास्वंदीचे पान विड्याच्या सुरळीसारखे गुंडाळलेले दिसले, तर त्या सुरळीच्या आत पान गुंडाळणारी अळी बसलेली असते. पानाचा हिरवा गर खरवडला जाऊन जाळीदार पडदा तेवढा उरला असेल, तर तेथे नुकत्या जन्मलेल्या अळ्यांचा घोळका आहे. आणि पानामागून पान देठापर्यंत नाहीसे झाले असून खाली जमिनीवर मिऱ्यांएवढ्या काळ्या-हिरव्या लेंड्या पडल्या असतील, तर वरच्या फांदीवर एखादी मोठी अळी निश्चिंतपणे जेवत आहे, याविषयी शंका बाळगू नये. लेंड्या जेथे पडल्या असतील, त्याच्या बरोबर वर नजर न्यावी; अळी बहुधा तेथेच सापडते.

तगरीवर आणि कण्हेरीवर ही मोठी अळी बहुतेक एकाच पतंगाची असते. तिची पूर्ण वाढ झाली, की ती माणसाच्या बोटाएवढी लांब व जाड होते. अंग पोपटी-हिरवे, शेपटाशी एक लहान शिंग, आणि डोक्यामागे दोन निळसर-पांढरे मोठे डोळे. ते खरे डोळे नव्हेत; पक्ष्याला घाबरवण्यासाठी निसर्गाने काढलेली ती रंगचित्रे आहेत. कण्हेरीची पाने गुराढोरांना आणि माणसालाही घातक असतात. त्यांतील विष हृदयावर परिणाम करते. पण ही अळी तीच पाने पोटभर खाऊन पचवते. खाण्याचे दिवस सरले, की तिचा रंग तपकिरी होतो आणि ती झाडावरून उतरून पालापाचोळ्यात कोष करते. त्यातून निघणारा पतंग हिरव्या संगमरवरासारखा नक्षीदार असतो व संध्याकाळी फुलांपुढे हवेत स्थिर राहून मध पितो. अनंतावरील अळी याच कुळातली. तिचा पतंग दिवसा उडतो आणि त्याचे पंख काचेसारखे पारदर्शक असल्यामुळे पाहणाऱ्यास तो भुंगाच वाटतो.

कढीपत्त्याची गोष्ट निराळी आहे. तेथे येते ते लिंबावरील फुलपाखरू: काळ्या पंखांवर पिवळसर ठिपक्यांची नक्षी असलेले, उन्हात चपळपणे भिरभिरणारे. मादी कोवळ्या पानावर एकेक करून मोहरीएवढी फिकट पिवळी अंडी घालते. त्यातून निघालेली अळी प्रथम काळपट-पांढरी, अगदी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. त्यामुळे पाखरू तिला चोच लावीत नाही. मोठी झाल्यावर ती हिरवी होते व पानात मिसळून जाते. तिला बोट लावले, तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेली शिंगे बाहेर काढून ती उग्र वास सोडते. मुलांना भीती वाटावी असा हा प्रकार आहे. पण त्यात इजा काही नाही. गुलाब, शेवंती, कर्दळ यांवर मात्र तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा उपद्रव होतो. तिची मादी पानावर अंड्यांचा पुंजका घालून त्यावर आपल्या अंगावरील तपकिरी केसांचे पांघरूण घालते. तो पुंजका वेळीच दिसला, तर एक पान तोडल्याने शेकडो अळ्यांचा प्रश्न सुटतो. आठवडाभर उशीर झाला, तर त्याच अळ्या साऱ्या वाफ्यात पांगतात, दिवसा मातीत दडतात आणि रात्री खातात.

ओळख पटल्यावर दुसरा प्रश्न येतो तो नुकसानीच्या मापाचा. झुडूप म्हणजे काही काचेचे भांडे नव्हे, की तडा गेला म्हणजे संपले. मुळे खोल गेलेली, तीन-चार वर्षांची निरोगी तगर पानांचा चौथा-पाचवा हिस्सा गमावूनही पुढच्या पालवीत ती उणीव भरून काढते. कढीपत्त्याचा शेंडा खाल्ला गेला, तर खालच्या डोळ्यांतून दोन नव्या फांद्या फुटतात. माळी हेच काम कात्रीने करतो आणि त्याला छाटणी असे भारदस्त नाव देतो. या उलट, हातभर उंचीच्या नव्या रोपाला सातआठच पाने असतात. त्यावर एकच अळी बसली, तर दोन दिवसांत रोप उघडे पडते आणि मरूही शकते. म्हणून एकाच अळीला जुन्या झुडपावर अभय आणि नव्या रोपावर मज्जाव, हा पक्षपात नसून विवेक आहे.

जेथे मज्जाव करावयाचा, तेथे पहिले हत्यार म्हणजे हाताची दोन बोटे. घरच्या बागेत झुडपे मोजकीच असतात. सकाळी दहा मिनिटे पानांच्या खालच्या बाजू उलथून पाहिल्या, तर अंडी व लहान अळ्या सहज हाती लागतात. अंड्यांची पाने तोडून साबणाच्या पाण्यात बुडवावी. गुंडाळलेली सुरळी बोटांत दाबली, की आतील अळी संपते. मोठ्या अळ्या चिमट्याने उचलाव्या. ज्यांना त्या मारवत नाहीत त्यांनी तगरीवरील अळ्या कुंपणाकडील जुन्या कण्हेरीवर नेऊन सोडल्या तरी चालते, कारण दोहोंची पाने त्यांना सारखीच प्रिय. कण्हेरीशी काम करताना मात्र तिचा चीक अंगास लागू नये म्हणून हातमोजे घालावे आणि नंतर हात स्वच्छ धुवावे. केसाळ सुरवंटाला उघड्या हाताने कधीही शिवू नये. त्याचे केस कातडीत रुतून भयंकर खाज सुटते.

हात व दिवा मिळून आणखी एका शत्रूचा बंदोबस्त होतो. वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून तपकिरी भुंगेरे बाहेर पडतात आणि रात्री पाने कुरतडतात. महाराष्ट्रातील शेतकरी ज्या अळीला हुमणी म्हणून ओळखतो, तिचेच हे प्रौढ रूप. हे भुंगेरे बाभळीवर आणि कडुनिंबावर थव्याने जमतात. गुलाबालाही सोडीत नाहीत. दिवेलागणीनंतर फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे वेचावे व रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावे, ही गावोगावची रीत आहे. एक भुंगेरा मादी मारणे म्हणजे मुळे खाणाऱ्या पुढच्या पिढीला जन्मापूर्वीच आवर घालणे होय. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: हा किडा कडुनिंबाची पाने आवडीने खातो. तेव्हा कडुनिंब म्हणजे सर्व किड्यांवर रामबाण, ही समजूत या भुंगेऱ्याला मान्य नाही.

परंतु माळ्याची बोटे कितीही चपळ असली, तरी बागेतील खरा पहारा दुसरेच कोणी करीत असतात. शिंपी पक्षी, बुलबुल, दयाळ, साळुंकी यांचा विणीचा काळ आणि अळ्यांचा काळ बऱ्याच अंशी एकच असतो, हा योगायोग नव्हे. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिलांना प्रथम किडे व अळ्याच भरवते. गांधीलमाशीचे पोळे दिसले, की काठी घेऊन धावण्याची प्रथा आहे. पण ती माशी दिवसभर कोवळ्या अळ्या शोधून, त्यांचे चावून गोळे करून आपल्या पिलांना भरवत असते. पोळे दारावर किंवा मुलांच्या वाटेवर असेल, तर ते हलवणेच योग्य. परसाच्या कोपऱ्यात असेल, तर त्याला राहू द्यावे.

भिंतीवर मातीचे इवलेसे मडके घडवणारी कुंभारीण माशी तर आपल्या तत्त्वज्ञानातही जाऊन बसली आहे. ती अळीला पकडून मातीच्या घरट्यात कोंडते आणि काही दिवसांनी त्यातून कुंभारीण माशीच बाहेर पडते. यावरून, सतत ध्यान केल्याने कीटक भृंगरूप होतो, असा कीटभृंगन्याय सांगितला गेला. साधकाच्या एकाग्रतेला ही उपमा सुरेखच आहे. प्रत्यक्षात मात्र आतील अळी बधिर केलेली असते, माशी आपले अंडे तेथे ठेवते आणि त्या अंड्यातून निघालेले पिलू त्या अळीवर वाढते. ध्यानाचे फळ अळीला मिळत नाही. पण बागेला मिळते.

याहून सूक्ष्म असे काही गांधीलवर्गीय कीटक आहेत, की ज्यांची लांबी एखाद-दोन मिलिमीटर असते. काही पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालतात, काही जिवंत अळीच्या शरीरात. एखाद्या मंदावलेल्या अळीच्या अंगावर किंवा तिच्याशेजारी तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे कोष चिकटलेले दिसले, तर ती अळी मारू नये. तिचे दिवस भरलेलेच असतात; त्या पांढऱ्या कोषांतून निघणारे मित्र मात्र पुढील कित्येक अळ्यांचा समाचार घेणार असतात. विषारी फवाऱ्याने बहुधा आधी हेच मरतात. शत्रूची पिढी पुन्हा लवकर उभी राहते, मित्रांना मात्र वेळ लागतो. आणि मग फवारणीनंतर महिनाभराने कीड पूर्वीपेक्षा वाढलेली पाहून घरधनी अधिक कडक औषध आणतो. या फेऱ्यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे त्यात न शिरणे.

मित्रकीटकांचा हा उपयोग आजच्या शास्त्राचा शोध आहे, असेही नाही. चीनमध्ये इसवी सन ३०४ च्या सुमारास जी हान याने लिहिलेल्या वनस्पतिवर्णनात असा उल्लेख येतो, की दक्षिणेकडील बाजारात तांबड्या मुंग्या घरट्यांसह विकल्या जात आणि लिंबूवर्गीय फळबागांचे मालक त्या विकत घेऊन झाडांवर सोडत. पाने जोडून घरटी करणाऱ्या त्याच जातीच्या मुंग्या कोकणातील आंब्या-काजूवरही दिसतात. त्यांचा चावा सोसवत नाही, हे खरे. पण अळ्यांनाही तो सोसवत नाही.

या साऱ्या पहारेकऱ्यांचे वेतन फार थोडे आहे. वर्षभर काही ना काही लहान फुले फुलती ठेवावी. तुळस, बडीशेप, कोथिंबीर यांचे तुरे राखले, तर त्या फुलांतील मधावर सूक्ष्म गांधीलमाश्या जगतात. उन्हाळ्यात एका उथळ ताटलीत पाणी असावे. कुंपणाचा एखादा कोपरा फार नीटनेटका करू नये. आणि झुडपांना खत घालताना हात आखडता घ्यावा. नत्राचा मारा झाला, की पाने भराभर वाढतात, पण ती मऊ व रसाळ असतात आणि किड्यांना तसली पाने फार रुचतात. शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत हळूहळू पोषण देते, म्हणून ते अधिक बरे.

इतके करूनही एखाद्या वर्षी कीड हाताबाहेर जाते. त्या वेळी निंबोळीकडे वळावे. कडुनिंबाच्या पाल्याचा धान्याच्या कणग्यांत आणि कपड्यांच्या पेट्यांत उपयोग करणे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. परंतु त्याचा गुण प्रयोगाने सिद्ध होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. १९५९ साली हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाला सूदानमध्ये असे दिसले, की टोळधाडीने सारा प्रदेश उजाड केला तरी कडुनिंबाची झाडे हिरवी राहिली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले, की निंबोळीच्या गराचे अगदी विरल पाणी शिंपडलेल्या पानांना टोळ तोंड लावीत नाहीत. १९६८ साली निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन हे मुख्य द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढे कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर युरोपात दिले गेलेले एक पेटंट भारतातील पूर्वापार वापराचा पुरावा पुढे आल्यावर २००० साली रद्द झाले आणि २००५ साली त्यावरील अपीलही फेटाळले गेले. घरातील आजीबाईंच्या ज्ञानाची अशी थेट युरोपात दखल घेतली गेली.

अर्क करण्याची रीत सोपी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर झाडाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या गोळा करून, धुऊन, सावलीत वाळवाव्या. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या जाडसर कुटून पाण्यात रात्रभर भिजत घालाव्या. सकाळी कापडातून पिळून गाळाव्या आणि सारे पाणी मिळून १ लिटर करावे. त्यात साधारण २ ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवला, की द्राव पानावर नीट पसरतो. हा झाला पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क. तो त्याच दिवशी वापरावा, पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावा आणि ऊन उतरल्यावर फवारावा, कारण त्यातील द्रव्य सूर्यप्रकाशाने लवकर निकामी होते. फवारल्याबरोबर अळ्या पटापट पडतील, अशी अपेक्षा करू नये. अर्काने पान बेचव होते, अळीची भूक मरते, आणि कात टाकण्याची तिची क्रिया बिघडून तिची वाढ खुंटते. मारण्यापेक्षा वाढू न देणे, हा त्याचा स्वभाव. लहान अळ्यांवर तो गुणकारी ठरतो, पूर्ण वाढलेल्यांवर फारसा नाही. आठ-दहा दिवसांनी, किंवा मध्ये पाऊस पडल्यास त्यानंतर, पुन्हा फवारावे लागते.

दुसरे एक साधन जीवाणूंचे आहे. १९०१ साली जपानमधील शिगेताने इशिवाता यांना रेशमाच्या किड्यांत साथ पसरवणारा एक जीवाणू सापडला. १९११ साली जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतात एर्न्स्ट बर्लिनर यांना तोच पिठातील पतंगाच्या अळ्यांत आढळला आणि त्या प्रांतावरून त्याचे नाव पडले. बीटी या संक्षिप्त नावाने त्याची भुकटी दुकानात मिळते. अळीने ती पानाबरोबर खाल्ली, की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात जीवाणूचे विष मोकळे होते. काही तासांत तिचे खाणे थांबते व दोन-तीन दिवसांत ती मरते. माणसाच्या जठरातील रस आम्लधर्मी असल्याने व आतड्याची घडणही वेगळी असल्याने तो परिणाम येथे होत नाही. परंतु ही भुकटी पतंगाची अळी आणि फुलपाखराची अळी असा भेद जाणत नाही. म्हणून ती साऱ्या बागेवर शिंपडू नये, पीडित झुडपापुरतीच वापरावी. आणि शेजारी तुतीवर रेशीमकिडे पाळले जात असतील, तर मुळीच वापरू नये.

शेवटी ‘सेंद्रिय’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. जे झाडपाल्यातून आले ते निरुपद्रवी, असा एक समज फार पसरला आहे. तंबाखूचा काढा हे त्याचे ढळढळीत उदाहरण. तो शंभर टक्के वनस्पतिजन्य आहे आणि तितकाच घातकही. त्यातील निकोटिन कातडीतून शरीरात शिरते. मधमाश्यांना व मित्रकीटकांना ते मारते. आणि असा काढा शिंपडलेला कढीपत्ता आमटीत पडला, तर त्याला घरगुती उपाय म्हणणे कठीण आहे. ज्या कण्हेरीचे विष हृदयास घातक, तिच्या पाल्याचा अर्क काढून भाजीवर फवारण्याची सूचनाही कोणी देतो, ती याच वर्गातली. साबणाचे पाणी निर्धोक खरे, पण ते मावा व पिठ्या ढेकूण यांसारख्या रस शोषणाऱ्या मऊ किड्यांवर चालते. पाने खाणाऱ्या जाड कातडीच्या अळीला त्याने केवळ स्नान घडते.

यावरून दिसेल, की सेंद्रिय बागकाम म्हणजे एका बाटलीऐवजी दुसरी बाटली आणणे नव्हे. तो कामाचा एक क्रम आहे. आधी पाहावे, मग ओळखावे, नुकसान मोजावे, हाताने वेचावे, पहारेकऱ्यांना काम करू द्यावे, आणि एवढ्याने न भागले तरच अर्काला हात घालावा. या क्रमाला पैसा फारसा लागत नाही. लागते ती रोजची दहा मिनिटे आणि थोडी नजर. ही नजर घरातील मुलांना फार लवकर येते. त्यांना एखादी अळी कढीपत्त्याच्या पानासह जाळीच्या झाकणाच्या बरणीत ठेवू द्यावी आणि रोज ताजे पान घालू द्यावे. दोन-तीन आठवड्यांत ती कोष करील आणि एका सकाळी त्यातून ओल्या पंखांचे फुलपाखरू बाहेर पडेल. ते उडून गेल्यावर त्या मुलाला फवाऱ्याची गोष्ट सांगितली, तर ते पहिल्याने हेच विचारील, की कोणावर? परसातील एका जुन्या कढीपत्त्याची चार पाने त्या प्रश्नासाठी खर्ची पडली, तर गृहिणीने त्यांचा हिशेब मागू नये.